लिमिट पोकर: धोक्याच्या फ्लॉपवर टॉप पेअर, लगेच रेज की नुसता कॉल?

फ्रीमॉन्टकर
बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) 4-8 डॉलरचं लिमिट होल्डेम (हातात दोन पत्ते, टेबलावर सामाईक पाच; बेटची रक्कम ठरलेली, आधी 4, टर्नपासून 8) खेळणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून एकच डाव चर्चेला घेतो.

मी बटनवर, म्हणजे फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलणारा. हातात किलवर एक्का, चौकट गुलाम. आधीचे चौघे लिंप करून (नुसते 4 भरून) आले, मी रेज करून 8 केले, स्मॉल ब्लाइंड (आधीच सक्तीचे 2 भरलेला) पत्ते टाकून गेला, बाकी सगळ्यांनी कॉल केलं (तेवढेच भरले). रेक (कॅसिनोचा वाटा) सोडला तर पॉट (मधली जमा रक्कम) 50 डॉलर. फ्लॉप (पहिले तीन सामाईक पत्ते) आला बदाम गुलाम, बदाम नव्वी, किलवर अठ्ठी. म्हणजे माझी टॉप पेअर, टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी. बिग ब्लाइंडने (डावाआधी सक्तीचे 4 भरणाऱ्याने) 4 लावले, दोघांनी कॉल केलं, दोघे गेले. आता माझी पाळी.

माझं ठाम मत: इथे नुसता कॉल करावा. "ड्रॉवाल्यांना (हात पुरा व्हायला एखाद्या पत्त्याची वाट बघणाऱ्यांना) महागात पाडा" हा सल्ला सगळे देतात, पण हिशेब करून बघा. मी 8 केले की पॉट 70 होतो आणि प्रत्येकाला पुढे बघायला फक्त 4 लागतात. म्हणजे साडेसतरास एक भाव. फक्त दश्शीवर स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) होणाऱ्याला पावणेअकरास एक मिळाला तरी पुरतो. मग माझ्या रेजने जाणार कोण? कोणीच नाही.

उलट मला न दिसलेल्या 47 पत्त्यांपैकी 11 बदाम आहेत, कोणाचा तरी फ्लश (एकाच जातीचे पाच पत्ते) पुरा करणारे. शिवाय बदाम सोडून तीन राण्या, तीन दश्श्या, तीन सत्त्या. असे 20 पत्ते माझं पोट दुखवणारे. टर्नला (चौथ्या सामाईक पत्त्याला) चौकट दुर्रीसारखं काही निरुपद्रवी पडलं, की तेव्हा रेज. बेटही तेव्हा दुप्पट झालेली असते.

इस्पिकराणी
अजिबात पटलं नाही. रेज फक्त कोणाला घालवायला करतात, हे गृहीतकच चुकीचं आहे. चौघे भिडू आहेत. तुम्ही घातलेल्या प्रत्येक 4 डॉलरमागे बाकीचे 12 घालणार. चारांत एकदा जिंकलात तरी बरोबरी, त्याहून थोडं जास्त जिंकलात की नफा. एक्क्याच्या किकरसकट (जोडीबरोबरच्या पत्त्यासकट) टॉप पेअर तेवढं नक्की जिंकते. कोणी जात नाही? उत्तम, राहू दे की त्यांना, पैसे तर तेच भरणार आहेत.

आणि टर्नची वाट बघून तुम्ही काय साधणार? तिथेही बिग ब्लाइंडच आधी बोलणार, मधल्या दोघांनी 8 आधीच भरलेले असणार. तुमच्या रेजवर त्यांना आणखी 8 भरायचे आणि पॉट शंभरच्या वर. तिथेही कोणी जात नाही. म्हणजे तुमच्याच तर्काने टर्नचा रेजही फुकट.

फ्रीमॉन्टकर
टर्नला कोणी जाईल असं मी म्हणतच नाही. मुद्दा असा की बिनधोक पत्ता पडल्यावर माझा हात आत्तापेक्षा खूप मजबूत असतो, आणि तेव्हाच मी मोठी रक्कम लावतो. वाईट पत्ता पडला तर 4 डॉलर वाचले. नुसते 4 नाहीत. बिग ब्लाइंडकडे राणी-दश्शी किंवा दश्शी-सत्ती असेल तर स्ट्रेट आत्ताच झालेला आहे, तो माझ्यावर परत रेज करणार. आधी रेज केलेल्या माणसासमोर तो स्वतःहून बेट लावतोय, याचा विचार करा.

इस्पिकराणी
करते. त्या जागेवरून लोक गुलाम-सत्तीही लावतात, दोन बदामही लावतात. प्रत्येक बेटमागे स्ट्रेट बघायला लागलो तर लिमिट खेळूच नये. शिवाय फ्लॉपला रेज केलं की टर्नला बहुतेक सगळे तुमच्याकडे चेक करतात (पैसे न लावता पाळी पुढे देतात). बदाम पडला तर तुम्हीही चेक करा. आत्ताचे जादा 4 घालून पुढचे 8 वाचले.

पुणेरी_बटन
दोघांचं वाचलं. मला वाटतं बेट कुठून आली हा प्रश्न पेअरपेक्षा मोठा आहे, आणि तो तुम्ही दोघेही घाईत ओलांडताय. समजा सगळ्यांनी चेक केलं आणि तुमच्या लगेच उजवीकडच्याने 4 लावले. आता तुम्ही 8 केलेत तर पॉट 62, आणि बाकीच्या प्रत्येकाला एकदम 8 भरायचे. भाव पावणेआठास एक. चार पत्त्यांवर जगणारा इथे तोट्यात, नव्वीची जोडी धरून पाच पत्त्यांची आशा करणाराही तोट्यात, त्याला सुमारे साडेआठास एक हवा. फ्लश ड्रॉवाला आणि दोन्ही बाजूंनी स्ट्रेट उघडा असणारा जाणार नाहीत, त्यांना कुठलाच रेज घालवत नाही. त्या जागी रेज करण्यात क्षणाचाही विलंब नको. पण बेट डावीकडून, बिग ब्लाइंडकडून आली असेल तर मी फ्रीमॉन्टकरांच्या बाजूने.

गणिती
लिमिट होल्डेम संगणकाने सोडवलेला खेळ आहे. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने 'सेफियस' जाहीर केला. त्याचा डाव बघितला की वाद मिटेल.

पुणेरी_बटन
सेफियसने सोडवला तो दोघांचा खेळ. इथे पॉटमध्ये चौघे आहेत. दोघांत टॉप पेअर म्हणजे दणकट हात, तिथे थांबण्याचा प्रश्नच क्वचित येतो. चौघांत तिघांचे ड्रॉ एकमेकांचे पत्तेही खातात आणि मिळून तुम्हालाही खातात. ते उत्तर उचलून इथे लावता येत नाही.

इस्पिकराणी
हे मान्य. पण बेट डावीकडून आली तरी माझं मत तेच. चौघांत नफ्याचा रेज सोडायचा नाही. एक तपशील मात्र फ्रीमॉन्टकरांनी सांगावा: किलवरऐवजी बदाम एक्का हातात असता तरी नुसता कॉलच का?

फ्रीमॉन्टकर
नाही, तेव्हा रेज. सगळ्यात मोठ्या फ्लशची किल्ली माझ्याकडे असते, न दिसलेले बदाम 10 उरतात, आणि टर्नला बदाम पडला तर मी पळत नाही, टेबलावरच्या चौथ्या बदामासाठी मीच पुढे खेळतो. किलवर एक्क्याला यातलं काहीच नाही. म्हणून त्याच्यासोबत कॉल.