पॉप-अप हेडलाईटची मोटर रिपेअर करावी की सरळ बदलावी? (सल्ला हवाय)

अर्धा_डोळा
मंडळी, गाडी माझदा एमएक्स-५, पहिली जनरेशन, १९९१ची. उजवा हेडलाईट टुणकन वर येतो, डावा मात्र अर्ध्यात येऊन अडकतो आणि गाडी डोळा मारल्यासारखी दिसते. सुरवातीला थंडीतच व्हायचं, आता रोजचंच झालंय. बॉनेट उघडून लाईटच्या घरावर एक चापट मारली की कुरकुरत उरलेलं अंतर जातो. खाली जाताना त्रास कमी आहे. आवाज दोन्हीकडे येतो, म्हणजे मोटर जिवंत आहे असं वाटतंय, पण डावीकडचा आवाज जड आहे, दमल्यासारखा. फ्यूज बघितला, ठीक आहे. मला तीन रस्ते दिसतायत, स्क्रॅपमधल्या गाडीची जुनी मोटर आणणं, रिबिल्ट केलेली घेणं, नाहीतर हीच उघडून बघणं. इलेक्ट्रिकलचं ज्ञान बल्ब बदलण्यापुरतं आहे पण हात चालतो. काय करू?

जुनं_ते_सोनं
मोटर बदल आणि मोकळा हो, एवढ्या जुन्या मोटरीत जीव तो किती राहणार. माझ्या गाडीत मी दोन्ही बदलल्या, तीन वर्षं झाली, बघावं लागलं नाही.

तेलकट_बोटं
थांबा हो, लगेच मोटर कसली बदलताय. आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी असं होतं यात नेहमी. या मोटरी सहसा जळत नाहीत, त्यांच्या आजूबाजूचं सगळं बिघडतं आणि नाव मोटरीवर येतं. शिवाय स्क्रॅपमधली मोटरही तेवढीच म्हातारी, तिच्यातलं ग्रीसही तेवढंच वाळलेलं, मग बदलून मिळवलं काय?

अर्धा_डोळा, आधी एक फुकटातली टेस्ट कर. डॅशबोर्डवर हझार्डच्या बटणाशेजारी लाईट नुसते वर-खाली करायचं बटण आहे ना, ते दाबून लाईट वर घे (डाव्याला चापट मार लागली तर), आणि मग बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधला रिट्रॅक्टरचा (दिवे वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा) ३० अँपिअरचा फ्यूज काढून ठेव. हे विसरू नकोस, कारण तू हात घातलेला असताना कोणी स्विच दाबला तर ती यंत्रणा बोट आहे की फांदी आहे हे बघत नाही. आता मोटरच्या टोकाला रबरी टोपी दिसेल, तिच्याखाली हाताने फिरवायचा नॉब आहे. तो फिरवत राहा. खूप वेळ फिरवावा लागतो, आत वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर, खूप फेऱ्या मारल्या की थोडं सरकतो) आहे, म्हणून वैतागू नकोस. पूर्ण एक चक्र वर-खाली ने आणि उजवीकडे पण तेच कर. दोन्हीकडे नॉब सारखाच हलका असेल तर मेकॅनिकल भाग ठीक, मग करंटच्या मागे लाग. डावीकडे मध्येच जड होत असेल तर गंज नाहीतर वाकलेली लिंक (मोटर आणि दिव्याची फ्रेम जोडणारा दांडा).

अर्धा_डोळा
केलं. उजवा हलका. डावा अर्ध्याच्या जरा आधी जड होतो, पुढे परत सुटतो. म्हणजे गंज?

तेलकट_बोटं
बहुतेक. आता मोटरच्या आर्मपासून लिंक रॉड सोडव आणि लाईटची फ्रेम नुसती हाताने वरखाली कर, म्हणजे जडपणा फ्रेमच्या पिव्हटमध्ये (ज्यावर फ्रेम फिरते त्या सांध्यात) आहे की मोटरच्या गिअरबॉक्समध्ये ते कळेल. रॉड पक्कडीने ओढून काढू नकोस, बॉल जॉइंट आहे, मागून चपटं काहीतरी घालून उचकट. आर्म मोटरच्या शाफ्टवरून काढायचा असेल तर काढायच्या आधी शाफ्ट आणि आर्म दोन्हीवर मार्करने रेघ मार. मी एकदा मारली नव्हती. लाईट बंद असताना वर आणि चालू असताना खाली, असा आठवडा काढला.

आणि हो, जपानी गाडी आहे, स्क्रू जेआयएसचे (जपानी मानकाचे) आहेत, साध्या फिलिप्सने डोकं चावलं जातं. जेआयएसचा स्क्रूड्रायव्हर असेल तर तोच वापर, रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेव.

मल्टीमीटर
गंज असेल नसेल, पण "दमल्यासारखा आवाज" हे वाक्य मला खटकलं. दमलेला आवाज म्हणजे व्होल्टेज कमी पोचतंय. बिघाड एकच असतो असं कोणी सांगितलं, तीस वर्षांच्या गाडीत दोन-तीन मिळूनच येतात, म्हणून एक दुरुस्त केला की थोडं बरं वाटतं आणि महिन्याने परत.

मीटर आहे का? नसेल तर साधा डिजिटल घे, मोटरच्या मानाने काहीच नाही. कनेक्टर न काढता मागून प्रोब घालायचा, लाईट वर जात असताना रीडिंग बघायचं. मोटर थांबलेली असताना बघून उपयोग नाही, लोड नसला की सडलेली वायरसुद्धा पूर्ण बारा व्होल्ट दाखवते, लोक इथेच फसतात. डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही रीडिंग लिहून ठेव. नंतर एक प्रोब मोटरच्या काळ्या वायरला, म्हणजे अर्थिंगला, आणि दुसरा बॉडीच्या चकचकीत उघड्या पत्र्याला लाव, लाईट हलत असताना अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब आहे.

मोटरला डायरेक्ट बारा व्होल्ट देऊन बघायचा मोह होईल. कर, पण आधी आपल्या सालाचा वायरिंग डायग्राम बघ, त्याच कनेक्टरमध्ये लिमिट स्विचच्या (दिवा टोकाला पोचला की मोटर थांबवणाऱ्या) पिना पण आहेत, चुकीच्या पिनेला दिलंस तर नवीन काम उभं राहील. आणि या गाडीची बॅटरी डिकीत असते त्यामुळे तिथून वायर ओढण्यापेक्षा दुसरी एखादी बॅटरी समोर आणून ठेव.

फायबरग्लास
माझी गाडी वेगळी आहे, कॉर्व्हेट सी४ (चौथी जनरेशन), तिचे दिवे उचलले जात नाहीत, अख्खे उलटे फिरतात. तिथला रोगही वेगळा. मोटर जोरात फिरते, चांगला खणखणीत आवाज येतो, दिवा मात्र ढिम्म. आत प्लॅस्टिकचा गिअर आहे आणि त्याच्या पोटात तीन छोटे प्लॅस्टिकचे बुश, ते इतक्या वर्षांत अक्षरशः भुगा होतात. मी उघडलं तेव्हा पिवळट चुराच पडला मांडीवर. अख्खी मोटर घ्यायची गरजच नाही, गिअर आणि बुशचा सेट मिळतो, एक दुपार जाते. पाँटियाक फिएरोच्या शेवटच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही असेच बुश आहेत. सी५ला, म्हणजे पुढच्या जनरेशनला, परत दुसरं, तिथे नायलॉनच्या गिअरचे दातच झिजतात, लोक पितळी गिअर टाकतात.

म्हणजे आवाजावरून ओळखायचं, मोटर फिरतेय पण दिवा नाही तर गिअर. जड आवाज, हळू चाल, तर करंट किंवा गंज. काहीच आवाज नाही तर फ्यूज, रिले, कनेक्टर.

तेलकट_बोटं
पितळी गिअरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. गिअर प्लॅस्टिकचा ठेवलाय कारण कुठेतरी अडकलं तर तो आधी मरावा आणि बाकीचं वाचावं. पितळ टाकलंस आणि लिंक गंजलेलीच ठेवलीस तर ताण पुढे आर्मवर किंवा मोटरवर जाणार. टाका, पण आधी लिंक मोकळी करा.

फायबरग्लास
मान्य. पण आमच्याकडे मूळ गिअर कशालाही न अडकता नुसत्या वयाने मरतो हो, त्याला काय करणार.

नऊशेचव्वेचाळीस
माझ्या पोर्शमध्ये एकच मोटर आहे, मधून आडवा दांडा जातो आणि दोन्ही दिवे एकदम उचलतो. त्यामुळे एक डोळा उघडा एक बंद हा प्रकार सहसा नाही, गेले तर दोन्ही. मोटर फिरत नसेल तर आधी रिले बदलून बघायचा. नॉब तिथेही आहे, एकदा भर पावसात अंधारात रस्त्याच्या कडेला बसून फिरवलाय, म्हणून सांगतो, दिवा लागला की गेला हे गॅरेजमध्येच तपासत जा.

सुपारीफोड
दिवे कायमचे वर ठेवून फ्यूज काढून टाका की, प्रश्न मिटला.

अर्धा_डोळा
सुपारीफोड, तसंच करायचं तर मी दुसरी गाडी घेतली असती 😀

बरं, अपडेट. लिंक सोडवली. फ्रेम हाताने खरोखर जड होती, खालच्या पिव्हटमध्ये तांबडी पूड. ऑइल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी पन्नास-एक वेळा वरखाली केलं, जुनं पुसून लिथियम ग्रीस लावलं. आता बोटाने उचलली जाते. जोडलं, दिवा वर आला! पूर्ण! पण उजव्यापेक्षा अजून हळू, म्हणून मल्टीमीटर यांचं ऐकून मीटर आणला. इंजिन बंद असताना उजवीकडे चालू लोडला ११.६, डावीकडे ९.१. अर्थिंगचं रीडिंग १.८ आलं. हे वाईट ना?

मल्टीमीटर
वाईट नाही, छान आहे, कारण चोर सापडला. अर्थिंगमध्येच पावणेदोन व्होल्टच्या वर जातायत. काळी वायर मोटरपासून मागे मागे बघत जा. आणि एक विचारतो, आधीच्या मालकाने काही उद्योग केले होते का? एक दिवा मिचकावायचा स्विच, किंवा ते दिवे अर्धवट उघडे ठेवायचं स्लीपी आयचं किट वगैरे?

अर्धा_डोळा
तुम्ही ज्योतिषी आहात का. बंपरमागे हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) इन्सुलेशन टेप गुंडाळलेली दिसली, सोडवली तर आत दोन निळे क्लिप कनेक्टर, वायर न सोलता दाबून बसवतात ते, आणि कुठेच न जाणारी तुटकी वायर. एक क्लिप काळ्या वायरवर. तिच्यातली तांब्याची तार हिरवीगार, अर्ध्याहून जास्त तुटलेली.

मल्टीमीटर
ते क्लिप म्हणजे वायरिंगचे ढेकूण आहेत. पाणी आत घेतात आणि वायर अर्धी कापून ठेवतात. हिरवा भाग पूर्ण कापून टाक, तेवढ्याच जाडीचा नवीन तुकडा सोल्डर कर किंवा चांगला क्रिंप मार, वरून गोंदवाली हीट श्रिंक. नुसती टेप नको.

तेलकट_बोटं
आणि आता एवढं उघडलंच आहेस तर मोटरच्या गिअरचं कव्हर पण काढून बघ. या मोटरी वर जाताना आणि खाली येताना एकाच दिशेने फिरतात, अर्धा फेरा वर, अर्धा फेरा खाली. कुठे थांबायचं ते आतली तांब्याची कडी ठरवते, तिच्यात खाचा आहेत, खाच आली की करंट तुटतो. त्या कडीवर वाळलेलं ग्रीस बसलं की दिवा मध्येच थांबतो किंवा थांबतच नाही, वरखाली वरखाली नाचत राहतो. काँटॅक्ट क्लीनरने पूस, अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने, तांब्याच्या पट्ट्या वाकवू नकोस. वर्मला नवीन ग्रीस, कडीवर नुसता हात फिरवल्याएवढं. कव्हर बसवताना सील नीट बसव, पाणी शिरलं तर सगळं परत.

जुनं_ते_सोनं
एवढी सगळी खटपट करण्यात दोन रविवार गेले की. मी म्हणत होतो ते वाईट नव्हतं.

मल्टीमीटर
नवीन मोटर लावली असती तर तीही ९ व्होल्टवरच चालली असती ना भाऊ. तुमच्या गाडीत वायरिंग धड असेल म्हणून जमलं. मोटर बदलायची वेळ येतेच कधी कधी, डायरेक्ट चांगले बारा व्होल्ट देऊनही फिरत नसेल, ब्रश संपले असतील, किंवा आत पाणी जाऊन सगळं एकजीव झालं असेल, तेव्हा खुशाल बदला. आणि जुनी घ्यायची तर टेबलावर फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

अर्धा_डोळा
दोन्ही कामं झाली. वायर सोल्डर केली, अर्थिंग आता ०.१ दाखवतंय. मोटर उघडली, कडी काळी-हिरवी होती, ग्रीसचं मेण झालं होतं, आता स्वच्छ. गिअरचे दात एकदम नव्यासारखे, म्हणजे मोटर घेतली असती तर खरंच वाया. एक स्क्रू चावलाच शेवटी, जेआयएसवाला येईपर्यंत धीर धरला नाही.

फक्त एक नवीनच भानगड. डावा आता इतका झटकन वर येतो की उजवा मागे राहतो. तो आजारी पडला का?

मल्टीमीटर
तो आधीपासूनच तसा होता, तुला शेजारी बघायला निरोगी डोळा नव्हता. उजवीकडच्या टेपखाली काय आहे ते बघितलंस का?

अर्धा_डोळा
नाही.

आलोच.