मदत हवी आहे: लिथॉप्सची रोपं पावसाळ्यात कोलमडतात, बी आत्ता पेरू की थांबू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात धायरीला राहते, चौथा मजला, पश्चिमेची बाल्कनी. लिथॉप्स (ती गारगोटीसारखी दिसणारी जोडपानं) बियांपासून करायचा खटाटोप चालू आहे. ओळखीतल्या दोघा संग्राहकांनी ऑप्टिका रुब्राची, म्हणजे लालचुटुक जातीची, रोपं सांगून ठेवली आहेत. माझ्याकडे दाखवायला मात्र शेवाळाने हिरवागार झालेला ट्रे आहे.

माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे मृग लागला की हात शिवशिवतात. गेल्या जूनमध्ये १०० बिया पेरल्या. कोकोपीट आणि वाळू निम्मी-निम्मी, वर पारदर्शक झाकण. आठव्या दिवसापर्यंत ६० उगवल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या. पेढे वाटायचेच बाकी होते! तिसऱ्या आठवड्यात एकेक रोप बुंध्याशी पाणचट होऊन आडवं पडायला लागलं, झाकणाखाली बारीक काळी चिलटं. गणपतीपर्यंत चार उरली, आज त्यातली दोन आहेत. फेब्रुवारीत पुन्हा पेरलं, ती एप्रिलच्या उन्हात बेदाण्यासारखी सुकली.

४० बियांचं पाकीट शिल्लक आहे. बाहेर पाऊस सुरू झालाय. पेरू का? आणि बुरशीनाशक कोणतं मारू?

निवडुंगवेडा:
ताई, पाकीट फ्रीजमध्ये ठेवा आणि मृगाला विसरा. ऑप्टिका नामिबियातल्या ल्युडरिट्झजवळच्या किनारपट्टीची. तिथे पावसाचं दुर्भिक्ष, आणि जो काही पडतो तो हिवाळ्यात. आपल्या जूनमधली दमट हवा तिला कधी माहीतच नव्हती. पुण्यात ऑक्टोबरचं ऊन ओसरलं की, दिवाळीच्या आसपास पेरायचं. दिवसा २८-३० अंश, रात्री १५ च्या जवळपास. ही तफावत बी उगवायला चांगली. शिवाय पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोपांना सहा-सात महिने मिळतात. फेब्रुवारीत तेच मिळाले नाहीत.

कोकोपीट बंद. ओलावा धरून बसतं, चिलटांना तेच हवं असतं. नदीची वाळू हल्ली मिळत नाही, बिल्डिंग मटेरियलवाल्याकडची क्रश सँड घ्या, पण चाळून, पाणी नितळ निघेपर्यंत धुऊन. तिच्यातली पिठासारखी भुकटी राहिली तर कुंडीत सिमेंटसारखी बसते (एक अख्खा ट्रे घालवून शिकलोय). तीन भाग वाळू आणि विटांचा चुरा मिळून, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत. बी वर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही. पाणी खालच्या ताटलीतून. टँकरच्या पाण्याने पांढरा थर धरतो, म्हणून आत्ता पडणारं पावसाचं पाणीच भरून ठेवा.

बुरशीनाशकावर माझा फार भरवसा नाही. मिश्रण आधी वाफवून घेतो. कुकर जुना, स्वयंपाकाचा नव्हे. घरात यावरून एकदा रामायण झालं आहे. खरी गोम झाकणात आहे. बहुतेक बिया उगवल्या की रोज थोडं-थोडं उघडत आठवड्याभरात काढून टाका.

गच्चीवरची:
पाकीट घेतलंत कुठून? लिथॉप्सचं बी धुळीसारखं बारीक असतं. मोहरीएवढं असेल किंवा पाकिटावर निळी-जांभळी झाडं असतील, तर फसवणूक समजा. आणि दोन्ही जनक रुब्रा असतील तरच पिलावळ लाल येते. संग्राहकांना शब्द देण्याआधी हे विचारून घ्या.

जाता जाता: हेच संग्राहक आपल्या शिंदळ माकुडीबद्दलही (सह्याद्रीच्या कड्यांवरची दुर्मीळ, मांसल खोडाची वनस्पती) विचारतील. शिवनेरी, वज्रगडाच्या कड्यांवर उरलेली झाडं तिथेच राहू द्या. ती छाटापासून सहज वाढते, लागवडीतल्या झाडाची फांदी मागून घ्या.

धागाकर्ती:
बी धुळीसारखंच आहे, हुश्श. रुब्राचं विचारते. दिवाळीपर्यंत टिकेल ना? आणि ती दोन वाचलेली?

निवडुंगवेडा:
कोरडं असेल तर काही वर्षं टिकतं. फ्रीजमध्ये हवाबंद डबीत ठेवा, पाकीट भाजीच्या कप्प्यात नको. त्या दोघांना पावसाची झड लागणार नाही, पण वारा लागेल अशा जागी हलवा. पानं सुरकुतली तरच संध्याकाळी ताटलीत चमचाभर पाणी. पुढच्या उन्हाळ्यात पश्चिमेला ५० टक्के सावलीची हिरवी जाळी मात्र बांधाच. पहिल्या वर्षी रोपं मोठ्या झाडांसारखी महिनोन्महिने कोरडी ठेवायची नसतात. विकण्याजोगी व्हायला दोन-तीन वर्षं लागतील, तसं त्या दोघा संग्राहकांना आत्ताच सांगून टाका.

धागाकर्ती:
सांगितलं. एकाने लगेच शिंदळ माकुडी आहे का विचारलं!