हीटरचा जुना व्हॉल्व्ह: आतलं रबर बदलावं की व्हॉल्व्हच बदलावा?

आडवाट (धागाकर्ता)

माझ्याकडे १९७२ची एमजीबी जीटी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. राहतो बर्मिंगहॅमजवळ, गाडी हिवाळ्यातही चालवतो. मागच्या महिन्यात गाडी उभी केली की बॉनेटखालून गोडसर वास यायला लागला. उघडून बघतो तर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या ओतीव भागाच्या) मागच्या टोकाला, हीटरच्या व्हॉल्व्हखाली, अँटिफ्रीझचा (इंजिनाच्या पाण्यात मिसळतात ते, पाणी गोठू नये म्हणून) निळा ओघळ वाळलेला.

ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: व्हॉल्व्ह हेडवर दोन बोल्टनी बसतो. डॅशबोर्डवरच्या नॉबची केबल त्याची दांडी ओढते आणि इंजिनातलं गरम पाणी हीटरकडे जातं. पाणी दांडीपर्यंत येऊ नये म्हणून आत रबरी पडदा असतो. तो चिरला की गळती सुरू.

माझं मत ठाम आहे. जुना व्हॉल्व्ह फेकू नका, गाडीचा अस्सलपणाही त्यानेच टिकतो. चार वर्षांपूर्वी मी मूळचा काढून बाजारातला नवा बसवला. तो दोन वर्षांत गळला. दुसरा आणला, तो आता गळतोय. शिवाय दोन्हींची दांडी इतकी जड, की नॉब फिरवताना केबल वाकायची.

म्हणून डब्यात जपून ठेवलेला मूळ व्हॉल्व्ह शोधला. त्याच्या कडेला पत्र्याचे छोटे कान दुमडलेले असतात. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने एकेक कान अगदी थोडा थोडा उचलला, सगळ्या बाजूंनी फिरत फिरत. झाकण निघालं. आतला पडदा वाळलेल्या आमसुलासारखा झाला होता, एका बाजूला अर्धगोल चीर. बाकी सगळं ठणठणीत: स्प्रिंग, दांडी, बैठक (पडदा टेकतो ती जागा). पन्नास वर्षांनी धातूला काही झालेलं नाही आणि आपण तो भंगारात टाकतो, एका रबरासाठी! कुकरची रिंग गेली म्हणून कुणी कुकर फेकतं का?

अर्धा_इंची_पान्हा

आडवाट, तुमच्या हाताचं कौतुक आहे, पण असहमत.

कुकरचंच उदाहरण घेऊ. रिंग आपण बदलतो, मान्य. पण सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर तो घरी उघडून, आत नवं रबर घालून, ठोकून परत बसवतो का? नवाच आणतो. कारण तो फसला तर नुकसान भाजीपुरतं राहत नाही. इथेही तसंच आहे. अख्ख्या कूलिंगमध्ये पाणी साडेपाच-सहा लिटर. मोटरवेवर एखादा कान सुटला तर काही मिनिटांत पाणी संपेल. आणि तापमानाच्या गेजवर भिस्त ठेवू नका. पाणीच उरलं नाही की गेजचा बल्ब कोरडा पडतो, काटा उलट खाली येतो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. मग हेडचं पॅकिंग जातं, कधी हेडच वाकतं.

दुमडलेला पत्रा एकदा उघडला, परत दुमडला, की कमकुवत होतो. वरून दिसत नाही.

अस्सलपणाचा मुद्दाही मला पटत नाही. एमजीबीची अख्खी बॉडी १९८८ पासून नवी कोरी मिळते आणि लोक ती बसवून अभिमानाने फिरतात. तिथे चालतं, मग मुठीएवढ्या व्हॉल्व्हपाशीच का अडायचं?

न्यूजर्सीकर

माझी गाडी वेगळी, १९८३ची मर्सिडीज ३०० डी, पण दुखणं तेच. तिच्यात हीटरचा व्हॉल्व्ह विजेवर चालतो. वीज मिळाली की बंद, नाही मिळाली की स्प्रिंगने उघडा. आतला पडदा फाटला की जुलैच्या उकाड्यात एसी लावूनही पायाशी गरम हवा. पण चार स्क्रू काढले की आतला भाग निघतो, नवा बसतो, बाहेरची बॉडी आणि होज पाइप जागच्या जागी. वीस मिनिटांचं काम.

मला वाटतं इथेच खरा फरक आहे. ज्याने बनवला त्याने उघडायला स्क्रू दिले असतील तर खुशाल दुरुस्त करा. एमजीबीच्या व्हॉल्व्हला कान दुमडून ठेवलेत, म्हणजे तो उघडायचा नाही असंच बनवणाऱ्याच्या मनात होतं. त्यामुळे माझं मत पान्हासाहेबांकडे झुकतंय.

निळीगाडी

इतकी डोकेफोड कशाला? व्हॉल्व्ह काढा, त्या जागी पॅकिंग घालून सपाट पट्टी बोल्टने आवळा. हीटर बंद, गळती बंद. माझ्या गाडीत सहा वर्षं असंच आहे.

अर्धा_इंची_पान्हा

निळीगाडी, तुम्ही कॅलिफोर्नियात आहात, तिथे जमेल. इथे ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात पाऊस पडत असताना काचेवर आतून वाफ धरते, ती घालवायला हीटरशिवाय दुसरं काही नाही. समोरचं दिसत नसताना गाडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्ती नाही. म्हणजे वर्षाकाठी तपासणारं कुणी नाही, सगळी जबाबदारी आपली.

भोसरीतला_रबरवाला

तुमची गाडी मी चालवलेली नाही, पण रबराचे भाग बनवण्यात हयात गेली, म्हणून लिहितो.

नवा की जुना याआधी रबर कुठलं ते विचारा. नायट्राइल रबर तेलाला उत्तम, पण गरम पाण्यात सतत राहिलं की कडक होतं आणि तडकतं. गरम पाणी आणि ग्लायकॉलसाठी (अँटिफ्रीझमधलं मुख्य द्रव्य) ईपीडीएम जातीचं रबर हवं. ते तेलात फुगतं, म्हणून बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, सिलिकॉन ग्रीस चालेल. तुमचे दोन नवे व्हॉल्व्ह कशामुळे गेले ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण ते टाकले नसतील तर उघडून पडदा नखाने दाबून बघा. दोन वर्षांत खडखडीत झाला असेल तर रबर चुकीचं होतं.

आणि म्हणूनच माझं मत आडवाटांच्या बाजूने. दुरुस्तीत रबर तुम्ही निवडता. नव्यात आत काय घातलंय ते डोळ्याला दिसत नाही.

आडवाट

रबरवाले दादा, मनापासून आभार. दोन्ही व्हॉल्व्ह उघडले. एकाचा पडदा नखाने दाबला तर टणक, कडेला बारीक भेगा. दुसऱ्याचा मऊ होता, पण बैठकीवर कास्टिंगचा बारीक कंगोरा होता, त्याने तो कापला गेला. हा दोष मी धरलाच नव्हता.

मूळ व्हॉल्व्हमध्ये दोन मिलिमीटर ईपीडीएमचा पडदा कापून घातला. हेडवर बसणारा चेहरा काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासला, मध्ये खोलगट निघाला. तो सपाट न करता नुसतं पॅकिंग बदललं असतं तर तिथूनही गळलं असतं. जुने बोल्ट काढताना घाई करू नका, ओतीव लोखंडात तुटले तर ड्रिल करावं लागतं. पाणी भरताना व्हॉल्व्ह उघडा ठेवा, नाहीतर हीटरमध्ये हवा अडकते.

पान्हासाहेब, कानांबद्दल तुमचं म्हणणं मी धरून चाललोय. परत दुमडताना एका कानाच्या मुळाशी पांढरी रेघ दिसली. हा व्हॉल्व्ह मी पुन्हा उघडणार नाही.

अर्धा_इंची_पान्हा

ती पांढरी रेघ म्हणजे तडा सुरू झालाय. त्या कानाचा फोटो टाका. आणि तोवर मोटरवेला नेऊ नका, कळकळीने सांगतो. नवा व्हॉल्व्ह घ्या, बसवण्याआधी उघडून त्यात हाच ईपीडीएमचा पडदा घाला, आणि बैठकीचा कंगोरा आधी घासा.

आडवाट

पण मग त्याचेही कान एकदा उघडले जाणारच ना? फोटो संध्याकाळी टाकतो. तोवर गाडी गॅरेजमध्येच आहे.