वर्गातले राग-रुसवे: पाचवी-सहावीसाठी काय सुचवाल?

शहाद्याच्या_बाई
मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वर्गात पावरी, भिलोरी, अहिराणी बोलणारी मुलं एकत्र आहेत. काहींचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलं होळीच्या सुमारास परततात. तोवर मित्रांनी दुसऱ्यांशी गट्टी केलेली असते, बसायची जागाही गेलेली. मग ढकलाढकली, नाहीतर दिवसभर गप्प. या मुलांना राग आवरणं, दुसऱ्याचं ऐकणं कसं शिकवू? वेगळा तास मिळणार नाही.

अमळनेरकर
ताई, वेगळा तास लागतच नाही. परिपाठातून आठवड्यात एक दिवस दहा मिनिटं काढा. काल कशाचा राग आला, मग काय केलं, हे मुलांना जोडीजोडीने बोलू द्या. 2009 मध्ये बीडला सुरू झालेल्या मूल्यवर्धन या शाळांमधल्या मूल्यशिक्षणाच्या कार्यक्रमातही जोडीत आणि गटात बोलण्यावरच भर आहे. त्याच्या पुस्तिका शाळेच्या कपाटात आहेत का बघा. साने गुरुजी इथे प्रताप हायस्कूलात शिकवायचे, छात्रालय सांभाळायचे, तेव्हा मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे. तुम्हीही भिंतीवर एक कागद लावा. लिहिता येत नसेल त्याने चित्र काढावं.

जळगावची_समुपदेशक
जोड्यांचं पटलं, पण बोलायची सक्ती नको. वर्गात सांगितलेली घरची गोष्ट मधल्या सुट्टीत चिडवायला वापरली जाते, हे मी फार वेळा पाहिलंय. सुरुवातीला घरचे विषय टाळा, खेळातले घ्या: कबड्डीत बाद झालो, संघात घेतलं नाही. राग येताना मुठी आवळतात, कान तापतात, श्वास वाढतो. हे मुलांना स्वतःच्या अंगावर ओळखता आलं की थांबायला क्षणभर सापडतो. चिडलेल्या मुलाला 'नीट मराठीत सांग' म्हणू नका. पावरीत बोलू दे, शेजारचा समजावून देईल. या सगळ्याला गुण तर अजिबात नकोत. आणि मारहाण किंवा अत्याचाराचं काही कानावर आलं तर ते वर्गात चर्चेला घेऊ नका, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा.

शहाद्याच्या_बाई
जोड्या सोमवारपासून सुरू करते. परतणाऱ्या मुलांसाठी आणखी काही?

अमळनेरकर
जाण्याआधीच प्रत्येकाला एक सोबती ठरवून द्या. परतल्यावर पहिला आठवडा त्याच्याच शेजारी बसवा, बुडालेला अभ्यास नंतर बघू. जागा मात्र राखून ठेवा. आणि जी कुटुंबं राज्यातच दुसऱ्या जिल्ह्यात जातात, त्यांच्या मुलांना निघताना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत शिक्षण चालू ठेवायला दाखवायचं कार्ड, द्यायला विसरू नका.