शब्दचर्चा: टी-पेशी ‘थकतात’, ‘दमतात’ की ‘जेरीस येतात’?

शुद्धमुद्रित
एचआयव्हीबाधितांसाठीच्या माहितीपुस्तिकेत वाक्य आहे: ‘एचआयव्हीमुळे टी-पेशींना थकवा येतो व प्रतिकारशक्ती कमी होते.’ (टी-पेशी म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी.) ‘थकवा’ वाचला की वाचक अंगातला थकवा समजणार, आणि तो या संसर्गात एरवीही जाणवतोच. पेशींच्या या अवस्थेला इंग्रजीत ‘एक्झॉशन’ म्हणतात, त्या संज्ञेला दुसरा शब्द सुचवा. ‘क्लांत’, ‘परिश्रांत’ नकोत, बोलताना तोंडात बसेल असं काही हवं.

कोशकिडा
‘थकीत पेशी’ मात्र नको, पेशींनी हप्ते बुडवल्यासारखं वाटेल.
‘दमलेल्या’ चालेल का, हे एका गोष्टीवर ठरेल. दमलेला माणूस घटकाभर टेकला की पुन्हा कामाला लागतो. पेशींचं तसं होतं का?

पेशीपुराण
होत नाही, निदान पुरतं तरी नाही.

सर्दी-पडशासारख्या संसर्गात विषाणू आठ-पंधरा दिवसांत हटतो आणि टी-पेशींना उसंत मिळते. एचआयव्ही हटत नाही. त्यामुळे सीडी८ पेशीच्या (बाधित पेशींना मारणाऱ्या टी-पेशीच्या) ग्राहकाला, म्हणजे ओळख पटवणाऱ्या प्रथिनाला, तोच प्रतिजन (विषाणूचा ओळखू येणारा अंश) महिनोन्‌महिने दिसत राहतो. त्यात आयएल-२ आणि आयएल-२१ या संदेशवाहक प्रथिनांची रसद पुरवणाऱ्या सीडी४ पेशी (दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशी) घटलेल्या. मग सीडी८ पेशीची कामं ठरावीक क्रमाने सुटत जातात: आधी आयएल-२ बनवणं आणि विभाजन, मग टीएनएफ, सर्वांत शेवटी इंटरफेरॉन-गॅमा (हीही संदेशवाहक प्रथिनंच) बनवणं. त्याच वेळी पृष्ठभागावर पीडी-१, टिम-३, लॅग-३ या, पेशीला आवरणाऱ्या प्रथिनांचे लगाम चढतात. एचआयव्ही ओळखणाऱ्या सीडी८ पेशींवर पीडी-१ वाढलेला असतो, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं.

पीडी-१ला अडवणारी प्रतिपिंडं दिली तर यातल्या काही पेशी पुन्हा हलतात, पण सगळ्या नाहीत. डीएनए कुठे उघडा आणि कुठे घट्ट गुंडाळलेला, ही मांडणीच बदललेली असते. प्रतिजन गेल्यावरही हा बदल बराचसा टिकतो. विश्रांतीने भरून येईल असं सुचवणारा कोणताही शब्द इथे चुकीचा ठरेल.

कोशकिडा
मग ‘जेरीस येणे’ घ्या. फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली, आपल्याकडचं ‘जेर करणे’ त्यातलंच. माणूस आपणहून जेरीस येत नाही, कुणीतरी पिच्छा पुरवून त्याला आणतं. ‘थकला’मध्ये थकवणारा दिसत नाही, ‘जेरीस आला’मध्ये दिसतो.
अडचण एवढीच की याचं सुटसुटीत नाम होत नाही. पण मथळा ‘टी-पेशी जेरीस का येतात?’ असा करता येईल. नामाचा हट्ट ही इंग्रजीची खोड आहे, आपण क्रियापदावर भागवू शकतो.

पेशीपुराण
आवडलं. अर्थाची आणखी एक छटाही जुळते: जेरीस आलेला अजून शरण गेलेला नसतो. या पेशी विषाणूवर थोडाफार दाब ठेवतात, म्हणून ‘निकामी’ म्हणू नये.

शिवाय आणखी दोन अवस्थांची यात सरमिसळ होते, त्यांना वेगळे शब्द लागतील. पेशीला प्रतिजनाचा पहिला संकेत मिळाला, पण पृष्ठभागावरच्या सीडी२८ या प्रथिनामार्फत येणारा दुसरा मिळाला नाही, तर ती प्रतिसादच देत नाही. ही ‘बधिरता’. आणि सीडी२८ गेलेला, सीडी५७ ही पृष्ठभागावरची खूण वाढलेली, टेलोमिअर (गुणसूत्रांची टोकं) आखूड झालेले, विभाजन थांबलं तरी सायटोकाइन (संदेशवाहक प्रथिनं) सोडणं चालूच, हे पेशीचं ‘म्हातारपण’. तिथे ‘जीर्ण’ लिहू नका, जुनाट आजारालाही जीर्ण म्हणतात.

नमुनानळी
मला खरी खटक वाक्याच्या उत्तरार्धात दिसते. ‘शक्ती कमी होते’ म्हटलं की टाकीतलं पाणी उतरल्याचं चित्र उभं राहतं, मग वाचक टाकी भरायला शक्तिवर्धक औषधं शोधतो. घडतं जवळजवळ उलट. पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशींचा फडशा पडतो, विशेषतः अस्तर राखणाऱ्या टीएच-१७ प्रकारच्या. अस्तराचा बांध फुटतो, जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि सगळी प्रतिकारयंत्रणा कायम चेतलेली राहते. सीडी८ पेशींवर सीडी३८ आणि एचएलए-डीआर या चेतलेपणाच्या खुणा जितक्या जास्त, तितका आजार वेगाने पुढे सरकतो.

आणि चेतलेली सीडी४ पेशी म्हणजे विषाणूला आयती भट्टी. तिच्यातला एनएफ-कप्पा-बी हा जनुकं चालू करणारा घटक विषाणूच्याच जनुकांना चालना देतो. एचआयव्हीविरुद्ध उठलेल्या सीडी४ पेशींनाच त्याची लागण जास्त होते. म्हणून ‘ॲक्टिव्हेशन’ला ‘सक्रियता’ म्हणू नये, तो शब्द फार भला वाटतो. ‘चेतणे’, ‘चेतवणे’ यांत आगीचा धोका आहे, तोच हवा.

उंबरठा
‘टी-पेशी कमी होतात’ असं सर्रास म्हणतात, तेही सैलच नाही का? कमी सीडी४ होतात. सीडी८ बराच काळ वाढलेल्या असतात, त्यामुळे एकूण टी-पेशींची बेरीज फारशी हलत नाही. एरवी १च्या वर असणारं सीडी४-सीडी८ गुणोत्तर उलटून १च्या खाली येतं.

नमुनानळी
बरोबर. आणि ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ हे त्याहून सैल. आकड्यांत सांगायचं तर: घन मिलिमीटरला पांढऱ्या पेशी ६०००, त्यांत लिम्फोसाइट (टी-पेशी ज्या गटात मोडतात तो) ३० टक्के म्हणजे १८००, त्यांतल्या २५ टक्के सीडी४, म्हणजे सीडी४ काउंट (घन मिलिमीटरमागची सीडी४ पेशींची संख्या) ४५०. आता दुसऱ्याच कारणाने पांढऱ्या पेशी ४००० झाल्या आणि टक्के तेच राहिले, तर काउंट थेट ३००. एचआयव्ही तसूभर पुढे सरकलेला नसताना वाचणारा घाबरतो. म्हणून टक्केवारीही पाहायची. २००च्या खालचा काउंट आणि १४च्या खालची टक्केवारी आजाराच्या साधारण एकाच पायरीवर धरतात. काही यंत्रं नमुन्यात मोजून मिसळलेल्या सूक्ष्म मण्यांच्या आधाराने काउंट थेट देतात, तिथे हा गुणाकार लागत नाही.

पुस्तिकेत ‘सीडी४ काउंट’ असंच ठेवा. ‘गणनांक’ कुणी म्हणत नाही.

शुद्धमुद्रित
सीडी४ला मजकुरात ‘सैनिक पेशी’ म्हटलंय. आणि लक्षणं नसलेल्या वर्षांना ‘सुप्तावस्था’. दोन्ही राहू देऊ?

पेशीपुराण
दोन्ही बदला. सीडी४ स्वतः क्वचितच मारते, ती हुकूम आणि रसद देते. त्यामुळेच ती गेली की प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी आणि सीडी८ दोघांचंही काम ढेपाळतं. ‘मदतनीस’ रूढ आहे, पण त्यात हाताखालच्या माणसाचा वास येतो. ‘साहाय्यक’ बरा.

‘सुप्त’ची चूक जास्त महागात पडते. औषधं चालू नसतील तर त्या लक्षणरहित वर्षांत विषाणू झोपलेला नसतो. १९९६ मधल्या मोजणीनुसार दिवसाला सुमारे १००० कोटी विषाणुकण तयार होतात. खरा सुप्त साठा वेगळा: विश्रांत स्मृती-सीडी४ पेशींच्या (जुना संसर्ग लक्षात ठेवून तूर्त शांत असलेल्या पेशींच्या) डीएनएत दडलेला प्रोव्हायरस, म्हणजे विषाणूची जनुकीय प्रत. औषधं चालू असताना दर १० लाख विश्रांत सीडी४ पेशींमागे तो साधारण एखाद्या पेशीतच सापडतो. पण तो निम्मा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात, म्हणून गोळ्या सोडता येत नाहीत. टप्प्याला ‘लक्षणरहित टप्पा’ म्हणा आणि ‘सुप्त’ या साठ्यासाठी राखून ठेवा. एकच शब्द दोन्हीकडे वापरलात तर ‘विषाणू झोपलाय, गोळ्या कशाला?’ हा प्रश्न पुस्तिकेनेच पेरल्यासारखं होईल.

शुद्धमुद्रित
आता वाक्य असं केलंय: ‘एचआयव्ही सीडी४ या साहाय्यक पेशी घटवतो आणि उरलेली प्रतिकारयंत्रणा सतत चेतवत ठेवतो. त्यामुळे विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या सीडी८ पेशी जेरीस येतात: त्या संख्येने असतात, पण त्यांची कामं एकेक करून सुटत जातात.’

कोशकिडा
ठीक. ‘घटवतो’ऐवजी ‘मारतो’ करू का?

पेशीपुराण
नको. मरणाऱ्या बहुतेक सीडी४ पेशींत विषाणूची वाढ पुरी झालेलीच नसते. अर्धवट शिरकाव ओळखून त्या स्वतःच दाह पसरवत फुटतात. ‘घटवतो’च राहू द्या.