सिंको दे मायो: रेस्टॉरंटात कार्यक्रम ठेवावा की नाही?

जर्सीकर
आमच्या नात्यातल्या एका जोडप्याचं न्यू जर्सीत, पसेइकजवळ, छोटं मेक्सिकन रेस्टॉरंट आहे. मालक मराठी, स्वयंपाकघरात बहुतेक सगळे मेक्सिकोतल्या पुएब्लाचे. ५ मे २०२६ ला, म्हणजे सिंको दे मायोला, पहिल्यांदाच मोठा कार्यक्रम करायचं चाललंय. वेटरांना सोम्ब्रेरो टोप्या, कागदी पताका, गिटारवाले, स्वस्तात टाको. त्यात मंगळवार, म्हणजे 'टाको ट्यूजडे'ची आयती गर्दी. पण त्यांच्या कॉलेजातल्या लेकीने घरात बंड पुकारलंय की हा मेक्सिकोचा सणच नाही, दुसऱ्यांच्या संस्कृतीचा तमाशा कशाला? माझं मत, खुशाल करावा. धंदा आहे. तुम्ही बोला.

ह्यूस्टनचा तात्या
लेकीचं बरोबर आहे. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबर. १८१० साली इदाल्गो नावाच्या पाद्र्याने दोलोरेस गावात उठावाची हाक दिली, तो. आदल्या रात्री राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जात येऊन आजही तीच आरोळी देतात आणि घरोघरी पोसोले, म्हणजे मक्याचा आणि मांसाचा रस्सा, शिजतं. ५ मेला तिकडे बहुतेक ठिकाणी कामधंदा चालू असतो. इकडे १९८० च्या दशकात बिअर कंपन्यांनी जाहिराती करकरून त्याचा पिण्याचा दिवस केला. माझे मेक्सिकन सहकारी त्या दिवशी बाहेर जेवायला जायचंच टाळतात. हौस असेल तर सप्टेंबरात करा.

सायली_क
तात्या, बिअर कंपन्यांनी फुगवला हे मान्य, पण जन्म त्यांनी नाही दिला. मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेसने १८६१ मध्ये परकीय कर्जाची फेड थांबवली, ते निमित्त करून फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने सैन्य धाडलं. ५ मे १८६२ ला पुएब्ला शहराबाहेरच्या लोरेतो आणि ग्वादालुपे या गढ्यांवर जनरल सारागोसाने त्या फ्रेंच फौजेला मागे रेटलं. हरले असते तर कुणाला नवल वाटलं नसतं. पुढच्याच वर्षी फ्रेंच परत आले, पुएब्ला घेतलं, मेक्सिको सिटीही घेतली आणि ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या मॅक्सिमिलियनला सम्राट करून बसवलं. १८६७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं. त्यामुळे ५ मेचा विजय टिकाऊ नव्हता. पण बातमी कॅलिफोर्नियात पोहोचली तशी तिथल्या मेक्सिकन लोकांनी तो साजरा करायला सुरुवात केली. अमेरिकेत यादवी चालू होती आणि फ्रेंचांचा कल गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडे, हे लोक उत्तरेच्या बाजूचे, म्हणून त्यांना तो विजय आपलाच वाटला. म्हणजे अमेरिकेतला हा सण कोणत्याही जाहिरातीपेक्षा बराच जुना आहे.

आणि मुख्य मुद्दा कुणी बघतच नाहीये. स्वयंपाकी कुठले? पुएब्लाचे! ह्यूस्टनच्या सहकाऱ्यांना त्या दिवसाचं काही नसेल. पुएब्लात त्या दिवशी सुट्टी असते, लष्करी संचलन निघतं. न्यूयॉर्क आणि पसेइक भागात पुएब्लाचे लोक इतके आहेत की न्यूयॉर्कला गमतीने 'पुएब्ला यॉर्क' म्हणतात. यांना "हा तुमचा सण नाही" असं सांगणारे आपण कोण?

ह्यूस्टनचा तात्या
बरं, पुएब्लाचा म्हणा. मग सोम्ब्रेरो आणि गिटारवाले कशाला? ते मारियाची वाजंत्रीवाले मूळचे हालिस्को राज्याकडचे. म्हणजे सण एका गावचा, वाजंत्री दुसऱ्या गावची, टोपी दुकानातली. वेटरांना विचारलं का कुणी, घालायची आहे का म्हणून? उद्या एखाद्या अमेरिकन हॉटेलवाल्याने गुढीपाडव्याला वेटरांच्या डोक्यावर फेटे चढवले आणि ताटात बटर चिकन वाढलं तर इथेच दोनशे प्रतिसादांचा धागा निघेल.

खादाड
फेटे आपणही लग्नात भाड्यानेच आणतो, त्याचं सोडा. बटर चिकनचा मुद्दा मात्र पटला. स्वस्त टाको कुठेही मिळतात, पुएब्लाच्या लोकांकडून पुएब्लाचं खाऊ घाला. तिळाच्या पावातली सेमिता, त्यात पापालो नावाचा उग्र वासाचा पाला हवाच. टाको आराबेस ठेवा, मध्यपूर्वेतून आलेल्या लोकांनी पुएब्लात रुजवलेले. आणि मोले पोब्लानो, म्हणजे पुएब्लाचा दाट मसालेदार रस्सा. वाळक्या मिरच्या भाजा, भिजवा, वाटा, मग तीळ, शेंगदाणे, मसाले, चॉकलेट. दोन दिवसांचं काम आहे, त्याचा दर लावायला लाजू नका. चिलेस एन नोगादा, म्हणजे अक्रोडाच्या सॉसमधल्या भरल्या मिरच्या, मात्र कुणी कितीही मागितलं तरी नको. ताजे अक्रोड आणि डाळिंब लागतात, ते ऑगस्ट-सप्टेंबरचं काम. मे महिन्यात करणारा फसवतोय असं खुशाल समजा.

जर्सीकर
मेनू छान, पण गर्दी मोलेसाठी येत नाही, टकिलाच्या मार्गारिटासाठी येते. आणि तिथेच गोची आहे. यांच्याकडे दारूचा परवाना नाही. न्यू जर्सीत परवाने लोकसंख्येवर ठरतात, ३,००० माणसांमागे एक, त्यामुळे लहान गावात एखादा विकायला निघाला तरी किंमत आवाक्याबाहेर. गिऱ्हाइकं आपापली बाटली घेऊन येतात.

सायली_क
अहो मग प्रश्नच मिटला की! तशा ठिकाणी वाइन आणि बिअरच आणता येते, टकिला नाही. मार्गारिटाची गर्दी तुमच्याकडे येणारच नाही, आली तरी गल्ल्यात काही पडणार नाही, वर पसारा तुमच्या पोरांनी आवरायचा. जेवणच विका.

मीरा
तुम्ही सगळे मेनूत रमलाय. मला काळजी वेगळीच आहे. २०२५ मध्ये शिकागोतली सिंको दे मायोची परेड आयोजकांनी स्थलांतरितांच्या धरपकडीच्या भीतीने रद्द केली. अशा दिवसांत दारात पताका लावायच्या, स्वयंपाकघरातल्या पोरांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे, "आमचे अस्सल पुएब्लाचे शेफ" म्हणून? कुणाची कागदपत्रं कशी आहेत हा प्रश्न बाजूला ठेवा, पण त्यांना न विचारता त्यांचे चेहरे जाहिरातीत नकोत. मी म्हणेन यंदा नकोच.

जर्सीकर
हे लक्षात नव्हतं आलं. काल फोन केला होता. स्वयंपाकघरातल्या बाईंचं उत्तर असं की फोटो नको, टोप्या नको, पण दिवस करा. मोले त्या स्वतः करणार, बाहेरून पेस्ट आणलेली चालणार नाही. आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये फ्लशिंग मेडोजला ५ मेच्या आसपास एका रविवारी मोठी जत्रा असते, त्या रविवारी सगळ्यांना सुट्टी हवी.

मीरा
त्या स्वतः म्हणताहेत तर माझी हरकत नाही. रविवारची सुट्टी पगारी द्यायला सांगा.

ह्यूस्टनचा तात्या
माझी आहे. सप्टेंबरचं काय? १५ च्या रात्री पोसोले ठेवणार का, की पुएब्ला संपलं की मेक्सिको संपला?

खादाड
ठेवतील हो तात्या, आणि तेव्हा नोगादाही होईल. जर्सीकर, एक आत्ताच सांगा त्यांना. मोले सहसा कोंबडीच्या नाहीतर टर्कीच्या रश्श्यात सैल करतात. तुमची मराठी मंडळी येणार, त्यातले अर्धे मंगळवार करणारे. मेनूवर ठळक लिहा आणि एक पातेलं भाजीच्या पाण्यातलं वेगळं ठेवा.