मळीच्या रानात बटाटा, २० गुंठ्याला खत किती?

वडणगे_नदीकाठ: नमस्कार मंडळी. पंचगंगेकाठी २० गुंठे मळीचं रान हाय, काळी माती, पुराचा गाळ बसतोय. उसाचा खोडवा मोडलाय, आता रब्बीत कुफरी ज्योती जातीचा बटाटा लावणार. पाटपाणी हाय. खताला आठ हजारच हायत, त्यात काय बसवू?

शिरोळ_दादा: भावा पहिलं ड्रिप कर. मी ड्रिपवर विद्राव्य खतं सोडली, असला माल निघाला की व्यापारी बांधावर आला. ड्रिपबिगर बटाटा करूच नको.

चिखलीकर: आठ हजारात ड्रिप? मळीत पाणी चढलं की नळ्या गोळा करत फिराय लागतंय. तू शेणखत घाल, पण कुजलेलं. कच्चं घातलंस की हुमणी, म्हणजे जमिनीतली मुळं-बटाटं खाणारी अळी, आलीच, आमचा अर्धा माल पोखरून टाकला तिनं.

चंदगडचा_मावळा: आमच्याकडं तांबड्या मातीत बटाटा बघ, चव बघ. आम्ही डीएपी (नत्र आणि फॉस्फरसचं खत) आणि युरिया एवढंच टाकतो, बाकी कशाची गरज नाही.

कृषी_डिप्लोमा: चंदगडची माती आम्लधर्मी, ह्यांची काळी चुनखडीची, तुलना कशी करता राव? हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ६० स्फुरद (फॉस्फरस), १२० पालाश (पोटॅश) धरा, म्हणजे २० गुंठ्याला २०, १२, २४ किलो. १०:२६:२६ ची ५० किलोची एक बॅग लावणीला, त्यातनं ५ नत्र, १३ स्फुरद, १३ पालाश. राहिलेल्या नत्राला साधारण ३३ किलो युरिया, थोडा लावणीला आणि बाकीचा महिन्यानं भर लावताना, म्हणजे बुडाला माती चढवताना. राहिलेल्या ११ किलो पालाशला २२ किलो एसओपी (सल्फेट ऑफ पोटॅश), त्यात गंधकपण मिळतंय. युरिया जास्त झाला की नुसता पाला माजतो, बटाटं उशिरा धरत्यात.

शिरोळ_दादा: तेच मी ड्रिपमधनं देतो.

हातकणंगले_ताई: प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यातला रस गाळून राहिलेला चोथा, का नाही घालत कुणी? कारखान्यावर मिळतंय की.

चिखलीकर: ताई गरम प्रेसमड घातलं की उगवणच मार खातीय, कुजवूनच घालायचं. शेणखतपण कुजलेलंच, परत सांगतो.

कृषी_डिप्लोमा: आधी माती तपासा. रानात आडवं-तिडवं फिरून आठ-दहा जागी वीतभर खड्डा, माती एकत्र करून अर्धा किलो सावलीत वाळवून द्या. बांधाजवळची, उकिरड्याजवळची घेऊ नका.

वडणगे_नदीकाठ: रिपोर्ट आला मंडळी. सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब कमी, पालाश भरपूर, जस्त कमी. मी एसओपी घेणार न्हाई. १०:२६:२६ एक बॅग, युरिया दोन हप्त्यात, पाच किलो झिंक सल्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून, आणि वाचलेल्या पैशात आणखी एक ट्रॉली शेणखत. ड्रिप न्हाई, प्रेसमड न्हाई.

कृषी_डिप्लोमा: दादा, पालाश भरपूर असला तरी बटाटा लय खातो, दहा किलो तरी एसओपी टाका.

चंदगडचा_मावळा: डीएपी घाल, मी सांगतोय.

शिरोळ_दादा: एसओपी सोडू नकोस भावा, पस्तावशील.

वडणगे_नदीकाठ: बॅग आणली, शेणखत पसरलंय. सोमवारी सऱ्या सोडतोय. झिंकचं पोतं कुणाकडं स्वस्त मिळतंय तेवढं सांगा.